हिशेबाची वही आधी, नाच नंतर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमधल्या रोमेनियन लोकांवर प्रबंध करायचं तू नक्की केलंस याचा आनंद झाला. इटालियन आणि आयरिश स्थलांतरितांवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत, यांच्याकडे त्या मानाने कमीच लोक फिरकले. पण मांडणी मला खटकली. एका प्रकरणात ‘वारसा’, म्हणजे पोशाख, नाच, सण, खाणं. दुसऱ्यात ‘समाजकार्य’, म्हणजे देणग्या आणि मदतनिधी. असं वाटून टाकलंस की विषयातला जीवच जातो. या लोकांकडे दोन्हींचा जमाखर्च एकाच वहीत असतो, आणि ती वही चर्चच्या पहिल्या जत्रेच्याही आधीची आहे. एवढंच सांगायला लिहायला बसले, पण पत्र लांबणार असं दिसतंय.

मुळापासून बघ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्लीव्हलंडच्या पश्चिम भागात, डेट्रॉइट ॲव्हेन्यूच्या आसपास जे रोमेनियन आले, ते बहुतेक तरुण, एकटे, शेतकऱ्यांचे मुलगे. पोलादाच्या कारखान्यांत आणि ओतशाळांत कामाला लागले. ‘हजार डॉलर आणि परतीचं भाडं’ हे तेव्हा त्यांच्या तोंडात बसलेलं वाक्य. तेवढे जमले की गावी जायचं आणि जमीन घ्यायची. तोवर एखाद्या संसारी गाववाल्याच्या घरी पैसे भरून राहायचं. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा पडायचा, आणि घरची बाई या सगळ्यांचं रांधणं-धुणं एकटी उपसायची. गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवल्या ना? मलाही आठवल्या. पण प्रबंधात त्यांना आणू नकोस. ‘अगदी आपल्यासारखंच’ असं एकदा लिहिलं की पुढचं बघायची गरजच संपते.

आता असा माणूस भट्टीपाशी मेला तर? ओहायोत कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदाच मुळी १९११ साली आला. म्हणून हे लोक दरमहा थोडे पैसे एकत्र टाकत. त्यातून आजारपणात रोजची काही रक्कम मिळे, मेल्यावर पुरण्याचा खर्च निघे आणि उरलेलं गावाकडच्या विधवेला जाई. क्लीव्हलंडची ‘कार्पातिना’ संस्था १९०२ची. सेंट मेरी चर्च, म्हणजे अमेरिकेतला पहिला रोमेनियन ऑर्थोडॉक्स धर्मसंघ, स्थापन झाला १९०४ साली. ग्रीक कॅथलिक, म्हणजे पूर्वेकडच्या पद्धतीने उपासना करून पोपला मानणाऱ्या रोमेनियनांचं सेंट हेलेना चर्च १९०५चं. सेंट मेरीसाठी ट्रान्सिल्व्हानियाहून आलेले पाद्री मोइसे बालेआ यांनी १९०६ साली ‘अमेरिका’ नावाचं रोमेनियन वर्तमानपत्र काढलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड या पोलादनगरीत गावोगावच्या अशा संस्थांचा महासंघ झाला. क्रम पाहिलास? पुरण्याची सोय आधी, देऊळ त्यानंतर, छापखाना त्यानंतर. लोकनृत्याच्या पथकाला अजून बराच अवकाश आहे.

तेव्हा या संस्थांची इतिवृत्तं मिळव. ती रोमेनियनमध्ये आहेत, म्हणून भाषा शिकावीच लागेल. मुलाखतींपुरती इंग्रजी चालेल हा विचार सोडून दे. लॅटिन कुळातली भाषा आहे, तुला फ्रेंच येतं, जमेल. इतिवृत्तांच्या जोडीला चर्चांचे वर्धापनदिनाचे जाडजूड अंक बघ. लोक ते फोटोंसाठी चाळतात. तू मागच्या पानांवरच्या देणगीदारांच्या याद्या बघ. कोणी घंटेला दिले, कोणी स्वयंपाकघरातल्या शेगडीला दिले, कोणी कुणाच्या स्मरणार्थ दिले, हे सगळं तिथे सापडतं.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. जनगणनेत ‘जन्मदेश रोमेनिया’ एवढंच शोधशील तर भलतीच माणसं हाती लागतील. क्लीव्हलंडचे हे शेतकरी ट्रान्सिल्व्हानिया, बानात आणि बुकोविना इथले, आणि हे प्रांत १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. कागदावर ते हंगेरी नाहीतर ऑस्ट्रियाचे प्रजाजन. उलट त्या काळात खुद्द रोमेनियाच्या राज्यातून अमेरिकेला आलेल्यांत ज्यूंचा भरणा मोठा होता. न्यूयॉर्कच्या पास्त्रामीची, म्हणजे तिथल्या मसालेदार खारवलेल्या मांसाची, वंशावळ तिकडे जाते. १९१० आणि १९२०च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे, तो वापर.

आता पोमाना. तुझ्या आराखड्यात हा शब्दच नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रबंधाचा आस तोच आहे. मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाला जेवू घालायचं, वस्तू द्यायची. कोलिवा म्हणजे शिजवलेला गहू, साखर आणि अक्रोड; त्यावर क्रूस काढतात, पाद्री आशीर्वाद देतो आणि मग तो सगळ्यांना वाटतात. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाच्या, आदल्या शनिवारी गावांत नवी भांडी, मडकी, पेले देतात, त्यांना फुलं किंवा चेरी बांधून. घेणारा शेजारी असेल, गरीब असेल, वाटेवरचा असेल. देणाऱ्याने उपकार केला असं कोणी मानत नाही. घेणाऱ्याने घेतलं म्हणून मेलेल्याला पोचलं. हे ध्यानात आलं की चर्चच्या हॉलमधली पाटी नीट वाचता येते. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ वीस खुर्च्या’ ही पाटी परंपरेत धरायची की समाजकार्यात? तुझ्या दोन प्रकरणांपैकी कुठल्यात ती बसवशील ते मला कळव.

जत्रेला जाशील तेव्हा स्टेजपासून लांब राहा. स्टेजचे फोटो सगळेच काढतात. तू आधीच्या आठवड्यात स्वयंपाकघरात जा आणि हाताला काम माग. सारमाले वळायला बसवतील. आंबवलेल्या अख्ख्या कोबीची पानं सोडवायची, जाड शीर कापायची, खिमा-तांदळाचं सारण घालून बोटाएवढी गुंडाळी करायची आणि कडा आत खोचायच्या. पहिल्या तुझ्या सुटतील, कोणीतरी न बोलता पुन्हा वळेल. तिथे बसून जे ऐकायला मिळतं ते समोर यंत्र ठेवून घेतलेल्या मुलाखतीत मिळत नाही. कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डबा कोण पोचवतंय, नवीन आलेल्या जोडप्याला घर कोणी बघून दिलं, कोणाचा मुलगा आता येत नाही. बाहेर पुरुष कोळशावर मिच भाजत असतात, लसूण आणि खायचा सोडा घातलेले खिम्याचे लांबट गोळे. त्यांची बढाई वेगळी, तीही ऐक. त्या दोन दिवसांच्या गल्ल्यातून छपराची दुरुस्ती होते, हीटिंगचं बिल जातं. छपराचा हिशेब माग. तो मिळाला की विश्वास बसला म्हणून समज.

‘तुमच्यासाठी वारसा म्हणजे काय?’ हा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीत पहिलाच आहे. तो काढ. त्याला लोक पत्रकात छापल्यासारखी उत्तरं देतात. त्याऐवजी विचार, ‘पुढच्या वर्षी सारमाले कोण वळणार?’ हात थांबतील, आणि मग खरं बोलणं सुरू होईल. कारण त्या टेबलाभोवती दोन वेगळ्या जगांतल्या बायका बसलेल्या असतात. एकीची आजी १९१०च्या आसपास आलेली. हिला रोमेनियन प्रार्थनेपुरती येते, पण आजीचं गाव, आजीचं टाक्याचं भरतकाम, आजीचं स्वयंपाकातलं प्रमाण सगळं पाठ. दुसरी १९८९ नंतर क्लुज किंवा बुखारेस्टहून आलेली, शिकलेली, शहरी, अस्खलित भाषा बोलणारी. भरतकामाचा तो सदरा, ज्याला ‘इये’ म्हणतात, हिने आयुष्यात पहिल्यांदा अंगात घातला तो कदाचित अमेरिकेतच. (खांद्यावरच्या भरतकामाचा हा सदरा २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हापासून त्याबद्दलचा अभिमान आणि भाव दोन्ही वाढलेत असा माझा अंदाज.) खरी रोमेनियन कोण, हा वाद या दोघी कधी उघड घालणार नाहीत. प्रवचन कुठल्या भाषेत व्हावं यावर मात्र घालतील. तिथे कान दे.

कल्चरल गार्डन्स बघून ये, एक दुपार पुरे. रॉकफेलर पार्कमध्ये शहरातल्या अनेक समाजांच्या बागा आहेत. रोमेनियन बाग १९६७ची, संगीतकार जॉर्ज एनेस्कूचा पुतळा तिथे आहे. देखणं आहे, पण ते पाहुण्यांसाठी मांडलेलं दालन आहे.

मायदेशी पाठवलेल्या मदतीबद्दल तू एक परिच्छेद लिहिला आहेस, आणि तो भावुक आहे. तपशिलात शिर. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पार्सलात कॉफी आणि औषधं जायची आणि केंट सिगारेटची पाकिटं जायची. केंट ओढायला नव्हती. डॉक्टरच्या, कारकुनाच्या हातात ठेवायला होती. म्हणजे अमेरिकेतल्या मावशीची माया तिकडे लाच म्हणून चालायची, आणि त्यावर कोणाचंतरी ऑपरेशन व्हायचं. ४ मार्च १९७७च्या भूकंपात दीड हजारांहून अधिक माणसं गेली. १९८९ साली राजवट कोसळल्यावर अनाथालयांतली मुलं जगाला दिसली. १९६६च्या गर्भपातबंदीच्या फर्मानाची ती फळं. या प्रत्येक वेळी क्लीव्हलंडहून काय गेलं, कोणाच्या हाती गेलं आणि पोचलं का, हे वहीत शोध. आजही सरकारच्या हाती पैसा देण्यापेक्षा आपणच बांधू ही वृत्ती तिकडे जोरात आहे. बुखारेस्टच्या मारी क्युरी बालरुग्णालयाची नवी इमारत ‘दरुयेश्ते व्यात्सा’ या संस्थेने लोकांच्या आणि कंपन्यांच्या देणग्यांतून उभी केली. हा अविश्वास समजून घेतल्याशिवाय त्यांची दानत समजणार नाही.

आता जे तुला कोणी आपणहून सांगणार नाही ते. मिशिगनमध्ये ग्रास लेकला ‘वात्रा’ आहे, रोमेनियन ऑर्थोडॉक्स धर्मप्रांताचं केंद्र. मुलांची उन्हाळी शिबिरं, संमेलनं, अभिलेखागार, सगळं तिथे. फार सुंदर जागा. तिथले आर्चबिशप व्हालेरियन त्रिफा हे तरुणपणी आयर्न गार्ड या फॅसिस्ट, ज्यूद्वेष्ट्या संघटनेचे विद्यार्थिनेते होते. जानेवारी १९४१मध्ये बुखारेस्टमध्ये या संघटनेने बंड केलं आणि ज्यूंची कत्तल झाली. अमेरिकेत येताना ते नातं लपवल्याचा खटला त्यांच्यावर झाला. १९८०मध्ये त्यांनी नागरिकत्व सोडलं आणि १९८४मध्ये ते पोर्तुगालला गेले. ज्यांची लग्नं त्यांनी लावली, ज्यांच्या मुलांना त्यांनी शिबिरात गाणी शिकवून घेतली, त्यांना हे बोलणं जड जातं. पहिल्या भेटीत विचारू नकोस. पण प्रबंधात वगळलंस तर मी सही करणार नाही.

तसंच वादकांचं. लग्नात, जत्रेत व्हायोलिन आणि संतूरसारखं त्सांबाल वाजवणारे लाउतारी परंपरेने बरेचसे रोमा (जिप्सी), ज्यांना रोमेनियाच्या जुन्या संस्थानांत १८५०च्या दशकापर्यंत गुलाम म्हणून बाळगत. कार्यक्रमपत्रिकेवर नाच कुठल्या प्रांताचा ते छापलेलं असतं. सूर कोणाचे, ते छापलेलं आहे का बघ.

आणि सगळे एका मताचे असतील असं समजू नकोस. नोव्हेंबर २०१४मध्ये परदेशातल्या रोमेनियनांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानासाठी दूतावासांबाहेर तासन्‌तास रांगा लावल्या, त्या रांगांनी तिकडे वारं फिरायला हातभार लावला आणि क्लाउस योहानिस निवडून आले. २०२५च्या मेमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत परदेशस्थांची बहुसंख्य मतं कट्टर राष्ट्रवादी जॉर्ज सिमिओन यांना पडली. निवडून आले निकुशोर दान. होरा हा गोल रिंगणातला नाच नाचताना हात धरलेली माणसं मतपेटीपाशी एकमेकांच्या विरुद्ध उभी असतात. तो हात तरीही का धरतात, याचं उत्तर मला आजवर स्वयंपाकघरातच मिळालं आहे. आजारपणात डबा कोण पोचवतो, यावर तिथे नाती ठरतात.

तुलनेसाठी इटलीचं एक प्रकरण घालू का, असं विचारलं आहेस. नको. तिथे दहा लाखांच्या वर रोमेनियन आहेत, अनेक बायका इटालियन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात आणि त्यांची स्वतःची मुलं गावी आजीपाशी वाढतात. तो दुसरा प्रबंध आहे. कधीतरी कर.

आता कामाचं. १ मार्चला मर्त्सिशोर असतो, लाल-पांढऱ्या दोऱ्याचा. त्या दिवशी कोणी मनगटाला बांधला तर महिनाभर काढू नकोस, बघतात. १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाआधी स्वयंपाकघरात रुजू हो. ग्रास लेकच्या अभिलेखागाराला आधी पत्र लिही, अचानक दारात जाऊन उभी राहू नकोस. आणि नव्या आराखड्यात ते दोन प्रकरणांचं कुंपण काढून पहिलं प्रकरण पुरण्याच्या वर्गणीचं कर. त्याचा मसुदा दिवाळीच्या आत पाठव. देणगीदारांच्या याद्या परिशिष्टात, मूळ रोमेनियन नोंदींसकट.

तुझ्या
बाई