ब्राइस कॅन्यनचा नारिंगी रंग फोटोत का उतरत नाही?

प्रश्न: मागच्या महिन्यात अमेरिकेत युटामधल्या ब्राइस कॅन्यनला जाऊन आलो. डोळ्यांना दिसलेलं नारिंगी-गुलाबी फोटोत एकदम फिकट आलंय, कॅमेरा तर चांगला आहे. सगळे फोटो दुपारी दोनच्या सुमारास सनसेट पॉइंटवरून काढलेत. आणि एक बाळबोध शंका, खाली नदी कुठेच दिसली नाही, मग हे कॅन्यन कसलं?

उत्तर: शंका अजिबात बाळबोध नाही, फोटोचं उत्तर तिच्यातच दडलंय. ब्राइस नावालाच कॅन्यन. इथे नदीने दरी कोरलेली नाही, पठाराची पूर्वेकडची कड पाणी आणि बर्फ मिळून मागे मागे खात चाललेत, वर्षातले साधारण २०० दिवस भेगांतलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, असं करत करत कडेची भिंत होते, भिंतीला खिडकी पडते, खिडकीचं छत कोसळलं की एकेकटे सुळके उरतात, त्यांना तिकडे हुडू म्हणतात. खडक म्हणजे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तळ्यात साचलेला चुनखडीचा गाळ, आणि लाल-नारिंगी रंग त्यातल्या लोखंडाचा, चक्क गंजच म्हणा ना.

आता कडेचं तोंड पूर्वेला, म्हणजे खेळ सगळा सकाळचा. सनसेट पॉइंटच्या नावावर जाऊ नका, संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे पठाराआड जातो आणि सुळके त्याआधीच सावलीत जातात. दुपारी दोनला ऊन डोक्यावर, सगळं सपाट. त्याच पॉइंटवर सूर्य उगवताना उभं राहा आणि थॉर्स हॅमर नावाच्या सुळक्याची सावलीतली बाजू बघा, शेजारच्या भिंतींवर आपटलेला उजेड उलटून तिच्यावर येतो आणि दगड आतून दिवा लावल्यासारखा पेटतो. मला विचाराल तर ब्राइसचा खरा रंग उन्हात नाही, या सावलीत आहे. नवाहो लूप या पायवाटेने खाली उतरलात तर हे अगदी हाताशी दिसतं (त्या वाटेचा वॉल स्ट्रीट नावाचा भाग मात्र हिवाळ्यात बंद असतो).

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, तो इतका नारिंगी रंग बघून बिचकतो आणि फोटो थंड करून टाकतो, डेलाइटवर ठेवा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल चॅनल वेगळा बघा, तोच आधी फुटतो, म्हणजे लाल इतका वाढतो की त्यातले बारकावे जातात. आकाश शक्यतो फ्रेमबाहेर.

दुपारचे फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) असतील तर व्हाइट बॅलन्स डेलाइटवर आणून बघा, थोडा जीव येईल. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढू नका, दगडाची गाजरं होतात.