दोडका संध्याकाळी फुलतो, काकडी सकाळी : उन्हाळी भाजीच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न भाजीच्या वाडीचे होते. पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, विहिरीचं उरलंसुरलं पाणी आणि आठवडी बाजार, एवढ्यावर चालणारी ही शेती. त्यातले तीन प्रश्न इथे घेतले आहेत.

आर्वी तालुक्यातल्या एक ताई विचारतात : "दोडका आणि भोपळ्याच्या वेलाला फुलंच फुलं आहेत, पण फळ धरत नाही. बोटाएवढं होऊन पिवळं पडते अन् गळते. युरिया देऊ का?"

ताई, युरिया आता अजिबात नको. त्यानं पाला वाढेल आणि नरफुलं आणखी येतील. वेलवर्गात पहिले दहा-पंधरा दिवस जवळपास सगळी फुलं नरच असतात, त्यात काळजीचं काही नाही. तुमच्याकडे मात्र फुलामागं बारकं फळ दिसतंय, म्हणजे मादीफुलं आली आहेत. गळलेलं एक फळ आधी फोडून पाहा. आत अळी असेल तर ते फळमाशीचं काम. मग क्यू ल्यूरचे कामगंध सापळे लावा आणि गळलेली फळं रोज वेचून खोल पुरा. अळी नसेल तर परागीकरण झालेलं नाही.

यात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो होतो. नोकरीची पहिली वर्षं होती. हातानं परागीकरण कसं करायचं ते दाखवायला सकाळी नऊला दोडक्याच्या मांडवाखाली बाया जमवल्या, आणि एक धड फूल उघडं मिळेना. सगळी मिटलेली, मलूल. मागं उभी असलेली एक आजी म्हणाली, "साहेब, दोडकं आता झोपलं. दिवे लागणीच्या येळी या." मी संध्याकाळी परत गेलो तर मांडव पिवळाधम्मक झाला होता.

तर दोडका आणि भोपळा (आपली लौकी) दिवस कलल्यावर फुलतात. काकडी, कारलं, ढेमसं, कोहळं पहाटे-सकाळी. ताजं नरफूल तोडायचं, म्हणजे ज्याच्यामागं नुसता बारीक देठ असतो ते. त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं होतात. पाच गुंठ्यांच्या मांडवाला अर्धा तास पुरतो. फवारणीही याच हिशेबानं करा : काकडीवर सांजेला, दोडक्यावर सकाळी फूल मिटल्यावर. फुलाच्या वेळी औषध मारलं तर मधमाशी मरते, आणि मग तिचं काम तुम्हालाच करत बसावं लागतं.

दारव्हा तालुक्यातले एक भाऊ लिहितात : "बियाणं कंपनीचं आहे, तरी काकडी कडू निघते. गिऱ्हाईक परत आणून देते."

भाऊ, बियाण्यावर संशय घेण्याआधी पाण्याच्या पाळ्या सांगा. तुमच्याच पत्रात पुढं लिहिलं आहे की लाइन रात्रीची असते, म्हणून पाच दिवसांनी एकदा भरपूर पाणी सोडता. मूळ तिथंच आहे. आपली काळी जमीन एप्रिलात चार दिवसांत भेगाळते, भेगांनी मुळ्या तुटतात, वेल ताणात जातो आणि कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य फळात वाढतं. ठिबक असेल तर रोज थोडं, नसेल तर एक दिवसाआड हलकं पाणी द्या. वेलाच्या बुडाभोवती सोयाबीनचं कुटार (भुसा) दोन-तीन इंच पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी असत्या तर दुपारची झळही अडली असती. पुढच्या वर्षी काकडीच्या आधी त्या टोचून ठेवा.

कडवटपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतो. टोक कापून घासायची आणि फेस काढायची आपल्याकडे रीत आहे. मला विचाराल तर फेसापेक्षा तो तुकडा फेकला जातो, हाच फायदा. काकडीचं हे ठीक, पण लौकी कडू लागली तर ती खायची नाही, रस तर मुळीच प्यायचा नाही. त्यानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. रस काढण्याआधी बारीक तुकडा चाखून पाहा, कडू असेल तर टाकून द्या, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही सांगितलं आहे. गिऱ्हाइकालाही हे सांगत चला.

मोहाडी तालुक्यातल्या बचत गटाचा प्रश्न : "बाजार सोमवारी, अन् भेंडी-ढेमसं शुक्रवारीच तयार होते. ठेवली तर सुकते. उरलेल्याचं काय करावं? घरी पोरं ढेमसं खात नाहीत."

भेंडी थांबत नाही, एक दिवसाआड तोडावीच लागते. नाहीतर जून होते आणि झाडही धरायचं कमी करतं. तोडा उन्हं चढायच्या आत करा. भेंडी धुवू नका, काळी पडते; ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. पुढच्या हंगामात सगळी एकदम पेरू नका. पाच गुंठ्यांना साधारण अर्धा किलो बी लागतं. त्याचे तीन वाटे करा आणि बारा-पंधरा दिवसांच्या अंतरानं टोबा.

सोमवारपर्यंत माल टिकवायला विटा-रेतीचा शीतकक्ष बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तो विकसित केला, आणि विदर्भाच्या उन्हाळ्याला तर अगदी मापानं शिवल्यासारखा आहे. झाडाखाली विटांचा एक थर, त्यावर विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंचांची फट, फटीत रेती. वर बांबूच्या ताटीवर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ रेती ओली करायची, बस. कोरड्या हवेत आपला कूलर जसा गार करतो तसंच हे. दुपारी आत बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंश कमी असतं, आणि भेंडी चार-पाच दिवस तजेलदार राहते. पावसाळी दमट हवेत मात्र याचा फार उपयोग नाही.

गवार आणि कारलं उरलं तर वाळवा. गवारीच्या शेंगा उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून काढा आणि पातळ कापडाखाली खाटेवर पसरा. आपल्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. दोडक्याच्या शिरा फेकू नका. तेलात कुरकुरीत परतून तीळ, लसूण, तिखट घालून कुटल्या की भाकरीसोबत झकास लागतात. भेंडी चिकट होते अशी तक्रार बायका करतात, तेव्हा ती चिरण्याआधी कोरडी पुसा, झाकण न ठेवता परता, मीठ शेवटी घाला आणि उतरवताना थोडं आंबट ताक.

राहिलं ढेमसं. चण्याची डाळ तासभर भिजवून अर्धवट शिजवायची. फोडणीत जिरं, लसूण, टमाटर, मग ढेमसाच्या फोडी आणि डाळ. वरून पाणी घालायची घाई नको, ढेमसं स्वतःच पाणी सोडतं. उतरवताना सांबार, म्हणजे कोथिंबीर. एवढं करूनही पोरांनी ताट सरकवलं, तर कापताना बी पाहा. ते टणक झालं असेल तर ढेमसं दोन दिवस आधी तोडायला हवं होतं. नख सहज रुतावं, अंगावर लव असावी, त्या दिवशीचंच घरात आणा.