कॅरिबियनमध्ये शिडाच्या नौकेवर: दिवाळीत नको, मे महिन्यात जा

प्रश्न: मी कोल्हापूरला शाळेत शिक्षिका आहे. मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी, आमचे हे, धाकटी मुलगी आणि ते दोघे असे पाच जण शिडाची नौका भाड्याने घेऊन कॅरिबियनमध्ये आठवडाभर फिरणार आहोत. मुलाने अँटिग्वा ते ग्रेनेडा असा मार्ग आखलाय, म्हणजे जास्तीत जास्त बेटं होतील. यांना घाटातल्या एसटीतसुद्धा मळमळतं. मला पोहता येतं, पण तलावात. नौका चालवायला मात्र कोणालाच येत नाही. कसं जमवावं?

उत्तर: ताई, बेत छान आहे, पण वेळ आणि मार्ग दोन्ही बदला.

आधी वेळ. तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर नौका भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या दुकान बंद ठेवतात. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळाने ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या शेकडो नौका एकमेकींवर नेऊन आदळल्या. म्हणून तुमच्या उन्हाळी सुट्टीचा पहिला पंधरवडा धरा. डिसेंबर-जानेवारीतला जोरकस वारा मे महिन्यात मऊ झालेला असतो, गर्दी ओसरते आणि भाडंही उतरतं.

आता मार्ग. अँटिग्वा १७ अंश उत्तरेला, ग्रेनेडा १२ अंशांवर. एका अंशाचे साठ सागरी मैल, म्हणजे सरळ रेषेतच तीनशे मैल झाले. नौका ताशी सहा-सात मैल चालते. वाटेत ग्वादेलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट. जवळपास दर मुक्कामाला नवी हद्द, पिवळा झेंडा चढवून पासपोर्टसाठी पुन्हा रांग. दोन बेटांमधल्या उघड्या पट्ट्यांत अटलांटिकची लाट थेट अंगावर येते. साहेबांचे हाल होतील आणि तुमच्या वाट्याला फक्त बंदरं येतील. माझं आयुष्य जहाजावर गेलं आणि निवृत्तीनंतर मी शिडाच्या नौकांवर रमलो. बेटं मोजत निघालेली माणसं थकून परतताना मी खूप पाहिली आहेत. एकच पुंजका निवडा, रोज दोन-तीन तास शीड लावा आणि उरलेला दिवस पाण्यात घालवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच सुचवतो. टॉर्टोला हे मुख्य बेट. त्याच्या दक्षिणेला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल आहे. दोन्ही बाजूंनी बेटांची राखण असल्याने लाट तिथे फारशी उठत नाही. पुढचं बेट बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतं.

वारा पूर्वेकडून वाहतो, हे धरूनच आठवडा आखा. पहिल्या दिवशी रोड टाउनहून जवळच्या नॉर्मन बेटावर मुक्काम. मग समोरच्या वाऱ्याला नागमोडी तोंड देत पूर्वेकडे सरका, कंटाळा आला तर इंजिन लावा. वाटेत सॉल्ट आयलंड लागेल. २९ ऑक्टोबर १८६७ च्या वादळात ऱ्होन हे टपाल-जहाज इथल्या खडकावर फुटलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. आजही ते तळाशी पडून आहे. पाणी इतकं नितळ की त्याचा उथळ भाग वरून पोहतानाही दिसतो. दिवाळीत नको म्हणालो, ते का, हे तिथे कळतं.

पुढे व्हर्जिन गोर्डा आणि तिथलं ‘द बाथ्स’. इथे घाई नको. घराएवढे ग्रॅनाइटचे गोटे किनाऱ्यावर एकमेकांवर रेलले आहेत आणि त्यांच्या फटींतून समुद्र आत शिरलाय. वाकून आत गेलात की कमरेएवढं पाणी लागतं. वरच्या चिरेतून उन्हाची एक तिरीप पाण्यात उतरते आणि काळ्या खडकावर हिरवी झळझळ हलत राहते. दोर आणि लाकडी शिड्या धरत पलीकडच्या डेव्हिल्स बेपर्यंत जाता येतं. सकाळी लवकर पोहोचा. नौका बांधायचे तरंगते बोये तिथे फक्त दिवसापुरते असतात, आणि डिंगी, म्हणजे नौकेबरोबरची छोटी होडी, दोरीला बांधून शेवटचं अंतर पोहत जावं लागतं. तेव्हा लाइफ जॅकेट घाला, तलावातलं पोहणं पुरेल.

त्यानंतर वाऱ्याची बाजू पाहून अनेगाडा. बाकी बेटं डोंगराळ आणि हे प्रवाळाचं, सगळ्यात उंच जागा जेमतेम अठ्ठावीस फूट. अगदी जवळ जाईपर्यंत जमीन दिसतच नाही, आधी झाडांचे शेंडे पाण्यातून वर येतात. भोवती हॉर्सशू रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची रांग आहे, म्हणून सूर्य डोक्यावर असतानाच आत शिरायचं. तिथून पाठवाऱ्याने योस्ट व्हॅन डाइक, मग टॉर्टोला. हा परतीचा पट्टा साहेबांनाही आवडेल.

त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नौका कॅटामरानच घ्या, म्हणजे जोड-तळांची, ती कलंडून चालत नाही. आणि मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच द्या. नौका चालू असताना त्यांनी खालच्या केबिनमध्ये जायचं नाही, वर बसून क्षितिजाकडे पाहायचं. चार केबिन लागतील, चौथी स्किपरची, म्हणजे नौका चालवणाऱ्याची. तुमच्यात कोणालाच नौका येत नाही, तेव्हा पगारी स्किपर हवाच, तिथे काटकसर करू नका. दुपारी दोनच्या आत मुक्कामाचा बोया गाठा, नंतर जागा मिळत नाही.

व्हिसाचं काम आत्ताच सुरू करा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकी व्हिसा लागतो, आणि टॉर्टोलाची फेरीबोट जिथून सुटते ते सेंट थॉमस बेटही अमेरिकेचंच. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचं इमिग्रेशन खातं स्वतंत्र आहे, त्यांच्याकडून लेखी उत्तर मागवा.

किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं लागलेलं मँचिनीलचं झाड दिसलं तर लांब राहा. फळ विषारी, चीक कातडी भाजतो. पावसात त्याच्याखाली आडोसाही घेऊ नका.

प्रश्न: मी मुंबईत गेटवेसमोर शिडाची नौका चालवायला शिकलो. तिकडे स्किपरशिवाय नौका मिळेल का?

उत्तर: अनुभवाचा लेखी तपशील आणि बहुधा प्रमाणपत्रही मागतील. समाधान झालं नाही तर पहिला दिवस स्वतःचा माणूस बरोबर देतील. त्याचा राग मानू नका. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट, त्यामुळे आपल्यासारखा मीटरमध्ये हिशोब करावा लागत नाही. पण बंदराची वाट दाखवणाऱ्या बोयांचे रंग उलटे आहेत. मुंबई बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवतात, कॅरिबियनमध्ये तो उजवीकडे ठेवायचा. हात सवयीने जुन्या बाजूला वळतो आणि दोन्हीकडे प्रवाळ असतं. म्हणून सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवा आणि बंदरात शिरताना एकाला फक्त बोये पाहायला पुढे उभं करा.