बीपी-शुगरच्या गोळ्या आयुष्यभर चालू ठेवणं हा कंपन्यांचा धंदा आहे का?

तुम्ही लिहिलंय की सेलूला राहणाऱ्या तुमच्या वडिलांनी एक व्हिडिओ बघितला आणि चार दिवसांपासून सहाही गोळ्या बंद केल्या. त्यांचं म्हणणं, कंपन्यांना आपण बरं व्हायला नकोय, त्यांना जन्मभराचं गिऱ्हाईक पाहिजे. त्यांचं कुठं चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

आधी तातडीचं. आजच त्यांचं बीपी आणि शुगर तपासून घ्या आणि गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरांना फोन करून सांगा. त्या सहांत मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी असेल, तर ती अशी एकदम तोडणं धोक्याचं असतं. झटका येऊ शकतो. बाकीचं त्यानंतर वाचा.

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. माझं घर गोळ्या विकण्यावरच चालतं, हे लक्षात ठेवूनच माझं उत्तर वाचा. वडिलांचा संशय खरा आहे, फक्त तो भलत्याच गोळीवर गेलाय.

संशय खरा का, ते आधी. 2018 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या एका अहवालात हा प्रश्न सरळ लिहून विचारला होता की रोग्याला पूर्ण बरं करणं हा टिकणारा धंदा आहे का. उदाहरण होतं गिलियड कंपनीचं. हिपॅटायटिस-सी या यकृताच्या आजारावरच्या त्यांच्या सोफोसबुविर या औषधानं 12 आठवड्यांत बहुतेक रोगी बरे होतात. अमेरिकेत त्या कोर्सची किंमत 84,000 डॉलर ठेवली होती, पैसा अफाट मिळाला, आणि रोगी बरे होत गेले तशी विक्री आटत गेली. अँटिबायोटिकची तर त्याहून वाईट गत. अकाओजेन या कंपनीचं नवं अँटिबायोटिक 2018 मध्ये मंजूर झालं आणि 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. थोडे दिवस घ्यायचं आणि तेही जपून वापरायचं औषध, त्यावर कंपनी चालेना. मग संशोधनाचा पैसा रोज घ्यायच्या गोळीकडं वळणार, हे उघड आहे.

आजाराची रेषाही सरकते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी बीपीची मर्यादा 140/90 वरून 130/80 वर आणली, आणि तिथं बीपीचे रोगी समजले जाणारे प्रौढ 32 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेले. मात्र हेही सांगायला हवं की त्या निर्णयामागचा मोठा अभ्यास कंपनीच्या नव्हे, सरकारी पैशांतून झाला होता. आपल्याकडं निदानाची रेषा आजही 140/90 हीच धरतात.

आता वडिलांची बीपीची गोळी घ्या. बहुधा ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल. शुगरची बहुधा मेटफॉर्मिन, जी माणसांवर 1957 पासून वापरात आहे. यांची पेटंट कधीच संपलीत, ढीगभर कंपन्या त्या बनवतात आणि सरकारनं त्यांना कमाल किंमत बांधून दिलेली आहे. जन्मभराचं गिऱ्हाईक गाठून भरमसाट कमवायचं असेल, तर इतकी स्वस्त गोळी कोणी निवडणार नाही. शुगर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि किडन्या वाचतात, हे ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासानं 20 वर्षं रोग्यांच्या मागं राहून 1998 मध्ये दाखवलं. बंद केल्यावर बीपी पुन्हा चढतं ते कंपनीनं सवय लावली म्हणून चढत नाही. आजार आत आहेच, गोळी त्याला दाबून धरते.

नफा अडकलाय तो चिठ्ठीच्या खालच्या ओळींत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात, तेव्हा आमच्या काउंटरवर हे रोज दिसतं. गेल्या हंगामात एक मामा आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी, घड्यांवर अक्षरं पुसलेली. म्हणाले, “ताई, गॅसच्या कॅप्सूल सहा महिन्याच्या बांधून द्या. बीपीची राहू द्या. डोकं दुखंना, चक्कर येइना, मग ती कायला खायची?” चिठ्ठी नीट पाहिली तर तीन वर्षांपूर्वीची. कॅप्सूल पँटोप्रॅझोल-डॉम्पेरिडोनची, आणि समोर डॉक्टरांनी लिहिलेलं: 10 दिवस. बीपीच्या गोळीपुढं लिहिलं होतं: चालू ठेवणे. मामांनी नेमकं उलटं केलं होतं, उचलीच्या पैशांतून. बीपीच्या दहा गोळ्यांना 30 रुपयेही लागत नाहीत, त्या दहा कॅप्सूलला 100 च्या वर जातात.

यात कंपनीनं कोणाला फसवलं असं एका जागी बोट ठेवता येत नाही. गोळी सुरू करायला सगळे आहेत. एमआरला, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला, टार्गेट आहे, स्टॉकिस्टकडं स्कीम आहे, मला मार्जिन आहे, ओपीडीत डॉक्टरांकडं एका माणसासाठी चार मिनिटं आहेत. गोळी थांबवण्याचे पैसे मात्र कोणालाच मिळत नाहीत. म्हणून 10 दिवसांची कॅप्सूल तीन वर्षं चालते.

शिवाय त्या कॅप्सूलमधली पँटोप्रॅझोल, म्हणजे पित्ताची गोळी, स्वतःची गरज स्वतः तयार करते. 2009 मध्ये डेन्मार्कमध्ये 120 धडधाकट माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांना पित्ताचा काहीच त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे याच वर्गातली इसोमेप्रॅझोल दिली, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. बंद केल्यावर औषध घेतलेल्यांपैकी 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास सुरू झाला, दुसऱ्या गटात 15 टक्क्यांना. माणसाला वाटतं, बघा, गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे ती लागतेच. पुढं वर्षानुवर्षं घेतली की बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. त्यात शुगरवाला मेटफॉर्मिनवर असतो, तीही बी-12 कमी करते. मग पायाला मुंग्या येतात आणि ताकदीची कॅप्सूल चिठ्ठीत वाढते. ज्यांना अल्सर आहे किंवा हृदयासाठी रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, त्यांना पित्ताची गोळी खरोखर लागू शकते, त्यांनी हे वाचून ती सोडू नये.

दुसरी जागा म्हणजे एकात दोन-तीन औषधं मिसळलेल्या गोळ्या. कमाल किंमत बांधलेल्या औषधांच्या यादीतल्या औषधात यादीबाहेरचं औषध मिसळलं की तीच मर्यादा लागू राहत नाही. काही मिश्रणं उपयोगाची असतात. पण केंद्र सरकारनं 2018 मध्ये 328 आणि 2024 मध्ये 156 मिश्रणांवर बंदी घातली, तोवर ती राजरोस विकली जात होती.

तिसरी जागा पेटंट. एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची चांगली गोळी. मार्च 2025 मध्ये तिचं पेटंट संपलं आणि 60 रुपयांच्या आसपासची गोळी काही दिवसांत 10 रुपयांच्या आत मिळायला लागली. वडिलांना ही असेल आणि अजून जुन्याच भावानं घेत असाल, तर डॉक्टरांकडून स्वस्त ब्रँड लिहून घ्या.

आता काय करायचं. सगळी पाकिटं, जुन्या चिठ्ठ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. प्रत्येक पाकिटाबद्दल विचारा: ही कशासाठी, किती दिवस, आणि कमी करता येईल का? पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते जुळवून बघा. अंबाजोगाईच्या डॉक्टरांची एक आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांची दुसरी, नावं वेगळी पण दोन्हींत टेल्मिसार्टन, असं पाहिलेलं आहे मी. पैशांचीच अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या फुकट मिळतात. तिथं साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्र बघा.

शुगरची गोळी कधीच सुटत नाही, असंही नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, आजार होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या जाड माणसांना कडक आहारावर ठेवलं. वर्षभरानंतर 46 टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होती. तुमच्या वडिलांना शुगर होऊन तीनच वर्षं झालीत आणि वजन वाढलेलं आहे म्हणता, तेव्हा डॉक्टरांकडं हा विषय जरूर काढा. मात्र ते घरच्या घरी करू नका. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर शुगर पार खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, त्यामुळं डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचा आणि मग आहार सुरू करायचा.