पट्टा हातात येईपर्यंत

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर होण्याचे कारण माझ्या कपाटावर बसले आहे. बारा वर्षांची एक मांजर सध्या मुक्कामाला आहे आणि मी लिहायला बसले की ती कागदावर येऊन बसते. आज ती वर झोपली आहे, तोवर लिहून घेते.

मालक गावाला गेले की त्यांचे कुत्रे-मांजर सांभाळायचे, हा आपला धंदा. नव्या ग्राहकाच्या घरी प्राण्याची ओळख करून घ्यायला आपण जातो, त्या पहिल्या भेटीचे पैसे घ्यावेत का, असे तू विचारले आहेस. दोन महिन्यांत नऊ घरी जाऊन आलीस, त्यांतल्या तीनच घरांनी काम दिले, आणि कुर्ल्याहून निघून परत येईपर्यंत एकेका भेटीत तीन तास गेले, हा हिशेबही तू मांडला आहेस. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतात, एसी दुरुस्त करणारा व्हिजिटिंग चार्ज घेतो, मग मीच फुकट का जायचे, हा तुझा सवाल रास्त आहे. तरीही माझे उत्तर 'घेऊ नकोस' असेच आहे, आणि त्यात ग्राहकावर उपकार करण्याचा हेतू अजिबात नाही.

मी स्वतः काही काळ पैसे घेत असे. भेटीचे तीनशे रुपये, आणि काम ठरले तर ते बिलातून वजा. त्या काळात मुलुंडच्या एका घरी गेले होते. त्यांच्याकडे कॉकर स्पॅनियल होता. मी दाराशी चप्पल काढते आहे तोच यजमानांनी मोबाइल काढून तीनशे रुपये पाठवलेसुद्धा. मग चहा आला. कुत्र्याचे भांडे स्वयंपाकघराच्या दाराशी होते आणि तो जेवत होता. घरातली लहान मुलगी त्याच्या बाजूने गेली तेव्हा त्याने खाणे थांबवले नाही, उलट तो भराभर गिळू लागला. मान भांड्यावर आणखी खाली गेली, हलणारी शेपूट थांबली आणि डोळ्यांच्या कडांना पांढरे दिसू लागले. आजींनी माझी नजर ओळखली असावी. 'काही करत नाही हो तो,' त्या म्हणाल्या. आपल्या धंद्यातल्या माणसाने मुंबईत हे वाक्य जितक्या वेळा ऐकलेले असते, तितक्या वेळा कुत्र्याचे भुंकणेही ऐकलेले नसते.

त्या क्षणी मला कळले होते की भांड्याजवळ कोणी आलेले याला खपत नाही आणि हे काम आपल्या एकटीचे नाही. पण निघताना यजमानांनी विचारले, 'मग ताई, तीनशे वजा करून बाकी किती द्यायचे?' त्यांच्या दृष्टीने व्यवहार केव्हाच सुरू झाला होता, आणि खरे सांगायचे तर माझ्याही दृष्टीने. पैसे परत करून उठण्याइतकी धिटाई त्या दिवशी माझ्याजवळ नव्हती. कामाच्या दुसऱ्याच दिवशी रिकामे भांडे उचलताना त्याने माझ्या तळहाताला चावा घेतला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला आणि तशीच डॉक्टरांकडे गेले. कुत्र्याला लस दिलेली होती, पण तेवढ्यावर डॉक्टरांनी मला सोडले नाही. ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवसांची पाच इंजेक्शने झाली. तीनशे रुपयांत मी माझा नकार विकला होता, आणि तो स्वस्तात गेला.

पहिली भेट ग्राहक तुला पाहण्यासाठी ठेवतो असे तू धरून चालली आहेस, म्हणून तुला ती फुकटची मजुरी वाटते. ती भेट जेवढी त्याची आहे तेवढीच तुझीही आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बशीचे पैसे कोणी मागत नाही, कारण दोन्ही बाजूंना नाही म्हणायची मुभा ठेवायची असते. एकदा पैसे हातात पडले की ती मुभा एकाच बाजूला उरते. डॉक्टरांचे उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण रुग्ण त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन घरी जातो. पहिल्या भेटीत तू त्या घराला काहीच देत नाहीस, तू फक्त पाहून येतेस.

पाहून येणे किती महत्त्वाचे आहे हे कायद्याच्या अंगानेही समजून घे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिथे प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याविषयी बोललेले आहे. मालक सिंगापूरला असेल आणि लिफ्टमध्ये कुत्रा शेजारच्या मुलाला चावला, तर त्या क्षणी पट्टा कोणाच्या हातात होता, हेच प्रथम विचारले जाईल.

आता तुझ्या तीन तासांचे काय, हा प्रश्न उरतो. शिंपी मापे घेण्याचे पैसे वेगळे मागत नाही, ते शिलाईत धरलेले असतात. तुझ्या हिशेबाने तीन भेटींमागे एक काम मिळते, म्हणजे प्रत्येक कामाने तीन भेटींचा भार उचलायला हवा. तू एका फेरीचे, म्हणजे प्राण्याला सांभाळायला एकदा घरी जाऊन येण्याचे, साडेतीनशे घेतेस. नव्या ग्राहकासाठी ते चारशे कर. तुझे साधारण काम दहा-बारा फेऱ्यांचे असते, म्हणजे पाचशे-सहाशे रुपये तिथेच सुटतात. शिवाय नव्या घरचे काम तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर घेऊच नकोस. एका संध्याकाळच्या लग्नासाठी कोणी बोलावले, तर त्या भेटीचा खर्च कोणत्याही दराने निघत नाही.

मात्र खरा उपाय दरात नसून फोनवर आहे. नऊपैकी निदान चार घरी तू जायलाच नको होतेस, असे तुझे पत्र वाचूनच वाटले. भेट ठरवण्याआधी पंधरा मिनिटे फोनवर बोल. लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो मागव आणि रेबीजची लस एक वर्षाच्या आतली आहे का ते पाहा. कुत्रा असेल तर महानगरपालिकेचा परवाना काढला आहे का, ते विचार. नसबंदी झाली आहे का, आजवर कोणाला चावला आहे का, औषध चालू आहे का, हेही विचारून घे. 'चावला आहे का' याचे उत्तर 'तसा नाही' असे आले, तर 'तसा' म्हणजे कसा, हे शांतपणे विचारायचे. यातले काहीही विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या घरी जाण्याचा प्रवास वाचला असे समज.

तारखा तर सर्वांत आधी विचार. आपल्याकडे गणपतीच्या सुमारास अर्धी मुंबई कोकणात जाते आणि नेमके तेव्हाच सगळ्यांना आपली आठवण होते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशेवीस दिवस होते, म्हणजे प्रवासाच्या दोन महिने आधी माणसाला आपले जाणे-येणे बरेचसे ठाऊक असते. ज्याच्याकडे तारीख नाही तो नुसती चौकशी करतो आहे. आणि ज्याचे तिकीट वेटिंगवर आहे त्याची भेट घ्यायला हरकत नाही, पण दिवस राखून ठेवायचे ते अ‍ॅडव्हान्स घेतल्यावरच, आणि तो अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही हे लेखी सांगून. गणपतीच्या आधीच्या दहा दिवसांत मी नवे घर घेतच नाही. त्या गर्दीत पाहिलेले घर नीट पाहिले जात नाही.

फोनवर पटले तर मग जा, चाळीस मिनिटांसाठी, दिवसाउजेडी, घरी पत्ता सांगून आणि मोबाइलवरून लोकेशन पाठवून. फाटकावरच्या वहीत किंवा अ‍ॅपवर स्वतःची नोंद करायला लाव. पुढे तूच रोज येणार आहेस हे वॉचमनला आजच कळलेले बरे. लिफ्टचे काय, तेही तिथेच विचार. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांना कळवले आहे. पण अठराव्या मजल्यावर वयस्क लॅब्रेडॉर घेऊन उभी असताना ते परिपत्रक वाचून दाखवायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

मांजराच्या घरी गेलीस तर आधी खिडक्या पाहा. मुंबईत बहुतेक ठिकाणी कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी असते आणि घरचे लोक ती दाखवून निर्धास्त असतात. ती जाळी मांजर दातांनी कुरतडू शकते. बोटाने जाळी ओढून पाहा, कोपऱ्यांचे हुक सैल आहेत का ते पाहा. मांजर पलंगाखालून बाहेर आले नाही तर त्याला ओढून काढायला सांगू नकोस. ते कुठे लपते, एवढे कळले तरी भेटीचे काम झाले. जनावरांचा डॉक्टर कोण, हेही टिपून घे. माझ्या लहानपणी या प्रश्नाला परळचे बैलघोडा हॉस्पिटल एवढे एकच उत्तर असे. आता घराघराचा डॉक्टर वेगळा, म्हणून त्याचा नंबर, आणि मालकाशी संपर्क झाला नाही तर उपचारावर किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, हे दोन्ही लेखी हवे. किल्ली मात्र त्या दिवशी घेऊ नकोस, कितीही आग्रह झाला तरी.

आता पैसे कुठे घ्यायचे ते सांगते, कारण तू सगळेच फुकट करशील अशीही मला भीती आहे. पट्टा तुझ्या हातात आला की घड्याळ सुरू झाले. 'जरा खाली फिरवून दाखवता का' असे कोणी म्हटले, तर ती ट्रायल फेरी आहे आणि तिचे पूर्ण पैसे घ्यायचे. ट्रायल मीही मागतेच, पण वेगळ्या दिवशी आणि दर सांगून. गिरगावातल्या एका घरी मधुमेही बोका होता. त्याला बारा-बारा तासांनी इन्सुलिन द्यायचे होते, खाल्ल्यावरच, आणि खाल्ले नाही तर आधी डॉक्टरांना विचारून. ते इंजेक्शन घरच्यांच्या देखत मी दोन वेळा दिले, मानेमागची कातडी चिमटीत धरून, आणि त्या दोन्ही फेऱ्यांचे पैसे घेतले. तोवर बोका मला पुरता ओळखू लागला होता आणि सिरिंज पाहताच सोफ्यामागे जात होता, ही गोष्ट निराळी.

दुसऱ्या भेटीचेही पैसे घे. 'साहेब घरी नव्हते, त्यांना एकदा भेटून जा' हे आमंत्रण फार गोड शब्दांत येते, पण ते त्यांच्या सोयीसाठी असते. तसेच सल्ल्याचे. चाळीस मिनिटांतली तीस मिनिटे कुत्रा सोफा का कुरतडतो आणि बाथरूममध्ये का जात नाही यांतच जात असतील, तर हसून सांग की हे प्रशिक्षकाचे काम आहे, आणि ओळखीचा असेल तर नाव सुचव. तुझ्या नऊ भेटींतल्या दोन तरी अशा होत्या, असे मला दिसते.

प्रवासाचे पैसे मी एका बाबतीत घेते. माझी मर्यादा आपल्या लोकलच्या लाइनपुरती आहे. तुला कुर्ल्याहून मुलुंड आणि चेंबूर दोन्ही जवळ आहेत, तेवढे पुरे. दादरला लाइन बदलून बोरिवलीला जायचे असेल, तर जाण्यायेण्याचा खर्च फोनवरच सांगायचा आणि काम ठरो न ठरो, तो घ्यायचा. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे मीटर २६ रुपयांवर आणि टॅक्सीचे ३१ रुपयांवर पडते, आणि शीव-माहीमच्या पलीकडे रिक्षा नाहीच, म्हणजे दक्षिणेकडच्या घराला टॅक्सी धरूनच हिशेब कर. पैसे घ्यायचेच तर मग फी का नको, ही शब्दांची कसरत आहे, असे तू म्हणशील. थोडी आहे. पण टॅक्सीवाल्याला दिलेल्या पैशांनी मला नाही म्हणायला कधी संकोच वाटला नाही, आणि त्या तीनशेंनी वाटला होता, हा माझा अनुभव आहे.

या धंद्यात भेटीची फी घेणारे लोक आहेत आणि त्यांचे उत्तम चालते, हे मी नाकारत नाही. ज्यांच्याकडे आधीच रांग लागलेली असते, त्यांना फीमुळे रांग आवरता येते. तुझ्या दाराशी अजून रांग नाही. तिथे फी लावलीस तर हौशी लोक गळतीलच, पण त्यांच्याबरोबर ते सावध लोकही गळतील, जे चार जणांना पाहून मगच घराची किल्ली देतात, आणि असे लोक एकदा जोडले गेले की वर्षानुवर्षे सोडत नाहीत. कपाटावरच्या मांजराची मालकीण त्यांतलीच आहे. तिने मला भेटायला बोलावले तेव्हा माझ्याआधी तिघे येऊन गेले होते.

शनिवारी तू घाटकोपरला त्या दोन इंडी, म्हणजे देशी, कुत्र्यांच्या घरी जाणार आहेस, त्याविषयी एकच. ओळख व्हावी म्हणून बिस्किटे घेऊन जाऊ नकोस, आधी विचार, कारण दोघांपैकी एकाला कशाची तरी अ‍ॅलर्जी असल्याचे तूच ओझरते लिहिले आहेस. आणि दोघे एकत्र जेवतात की वेगळे, ते जेवणाच्या वेळी जाऊन पाहा. रात्री मला फोन कर. नाही म्हणून आली असशील तर दहानंतरही चालेल.

तुझी,
ताई