स्प्रिंग नसताना नुसत्या तारेला टांगलेलं वजन दोलन कसं करतं? त्यात यंगचा मापांक कुठून येतो?

तुमच्या प्रश्नातली अडचण मला पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आली होती. बेळगावात दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग एकदम सगळं इंग्रजीत. 'इलॅस्टिक' म्हटलं की डोळ्यांपुढे रबर यायचं, आणि पोलाद रबरापेक्षा जास्त इलॅस्टिक असतं हे काही केल्या पटायचं नाही. पटलं ते आपल्या जुन्या शब्दामुळे. स्थितिस्थापक, म्हणजे मोडलेली स्थिती पुन्हा स्थापन करणारा. वस्तू किती ताणली जाते हा मुद्दाच नाही. जागेवर परत यायला ती किती जोर लावते, हा मुद्दा आहे. पोलादाची तार केसभर ताणली तरी प्रचंड जोरानं मागे खेचते.

रॉबर्ट हुकनं १६७८ साली 'जेवढा जोर, तेवढी वाढ' हा आपला नियम छापला, त्या पुस्तिकेच्या लॅटिन नावातही 'पूर्ववत करणारी शक्ती' हेच शब्द आहेत. त्यात स्प्रिंगेच्या जोडीला वीस ते चाळीस फुटांची साधी तार खिळ्याला टांगून, खाली तागडी बांधून केलेला प्रयोगही आहे. म्हणजे तार ही पहिल्यापासून स्प्रिंगच मानलेली आहे, फक्त फार ताठ.

किती ताठ, ते यंगच्या मापांकावरून कळतं; हा तारेच्या पदार्थाचा आकडा, पोलादाचा वेगळा, तांब्याचा वेगळा. मापांकाला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणा आणि लांबीनं भागा, की ताठरपणा मिळतो. वस्तुमानाला या ताठरपणानं भागून वर्गमूळ घ्या, २ पायनं गुणा, झाला दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ. तार चौपट लांब केली तर दोलनकाल दुप्पट होतो. तारेची जाडी दुप्पट केली तर तो निम्मा होतो.

आता खरे आकडे घालू. पोलादाची तार २ मीटर लांब, ०.५ मिलिमीटर जाड, खाली २ किलोचं वजन. पोलादाचा मापांक चौरस मीटरला सुमारे २०० अब्ज न्यूटन. तार ताणली जाईल जेमतेम १ मिलिमीटर, आणि दोलनं होतील सेकंदाला सोळाच्या आसपास. तांब्याची तशीच तार १.७ मिलिमीटर ताणेल आणि सेकंदाला बाराच दोलनं देईल. मी प्रयोगशाळेत स्टॉपवॉच घेऊन ही दोलनं मोजायला उभा राहिलो होतो. डोळ्यांना काहीच दिसेना. वजनाच्या कडेला बोट टेकवलं तेव्हा बारीक झिणझिणी लागली, तेच ते दोलन. प्रयोगात तारेचा मापांक काढताना दोलनं न मोजता लांबीतली वाढ मोजतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: वजन शांत टांगल्यावर तार जेवढी ताणली जाते, तेवढ्याच लांबीच्या साध्या लंबकाचा जो दोलनकाल, तोच या वजनाचा. मापांक, जाडी, लांबी वेगवेगळं माहीत असायची गरजच नाही, ते सगळं त्या वाढीत आलेलं असतं.

घरी करून बघा. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात माग दुरुस्त करणाऱ्यांकडे जुन्या स्प्रिंगा पडलेल्या असतात. हातानं सहज ओढली जाईल अशी हलकी स्प्रिंग मागून घ्या, पण वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली नको. तशी स्प्रिंग उघडायलाच थोडा जोर खाते आणि हिशोब चुकतो. वजन असं निवडा की स्प्रिंग २५ सेंटिमीटर ताणली जाईल. शेजारी दोऱ्याला नट बांधून २५ सेंटिमीटरचा लंबक करा; लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा आणि झोका लहानच द्या. दोन्ही एकदम सोडा. एक वर-खाली, दुसरा डावी-उजवीकडे, पण दोघांची फेरी एका सेकंदाची.

आता एक गोष्ट कामाच्या जागेवरची. उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात मी एका वर्कशॉपमध्ये होतो, तिथे ४०० किलोचं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) उचलताना क्रेनच्या ऑपरेटरनं दोर सैल असतानाच बटण दाबलं. क्रेनच्या हुकाला लावलेला वजनकाटा क्षणभर ६००च्या वर गेला आणि कास्टिंग वर-खाली नाचत राहिलं. वजन तेवढंच होतं, वाढला होता तो दोरातला ताण. न ताणलेल्या तारेवर वजन एकदम सोडलं तर ते शांत जागेशी थांबत नाही. वेगात खाली जातं, दुप्पट वाढीपर्यंत पोचतं आणि मग परत फिरतं. त्या टोकाला तारेतला ताणही वजनाच्या दुप्पट असतो, आणि दोर आधी ढिला असेल तर त्याहूनही जास्त होऊ शकतो. म्हणून सरावलेला ऑपरेटर आधी दोर हळूच ताठ करून घेतो, क्षणभर थांबतो आणि मगच माल जमिनीवरून सोडवतो.