मोल्दोव्हा अजून ओसरीवरच का?

प्रश्न : माझा मुलगा युक्रेनमधल्या ओडेसाला एमबीबीएस करत होता. 2022 च्या मार्चमध्ये पलांकाच्या नाक्यावरून तो मोल्दोव्हात शिरला. तिथल्या अनोळखी बायांनी गरम सूप पाजलं. पुढे रुमानियातून विमानाने घरी आला. तेव्हापासून त्या देशाबद्दल माया वाटते. युरोपीय संघ त्यांना सदस्य का करून घेत नाही? रशियाच्या भीतीने? – एक वाचक, लातूर

उत्तर : भीती आहेच, पण त्याआधीची चालढकल मला जास्त खुपते. 2009 मध्ये प्रागला संघाने युक्रेन, जॉर्जिया, मोल्दोव्हा धरून सहा देशांशी ‘पूर्व भागीदारी’ सुरू केली. व्यापार, व्हिसा, मदत, सगळं बोलणं झालं. सदस्यत्वाचा शब्द काही दिला नाही. शेजाऱ्याला ओसरीवर बसवून चहा द्यायचा, आत या म्हणायचं नाही. त्या चहाची किंमतही शेजाऱ्यानेच मोजली.

2013 च्या ऑक्टोबरात मी मोल्दोव्हाच्या राजधानीजवळ, किशिनावजवळ, एक वायनरी पाहायला गेले होते. संघाशी व्यापार-सहकार्याचा करार जवळ येत होता, आणि सप्टेंबरातच रशियाने मोल्दोव्हाची वाइन बंद केली होती. कारण सांगितलं दर्जाचं. गोदामात छताला टेकलेली खोकी, बाटल्यांवर रशियन लेबलं. एक बाई बाटल्या बादलीत भिजवून नखाने लेबलं खरवडत होती. बाहेर द्राक्षांची तोडणी चालू. “यंदाची वाइन ठेवायची कुठे?” हेच ती दुभाष्याला पुन्हा पुन्हा विचारत होती.

करार 27 जून 2014 ला झाला. उमेदवार देशाचा दर्जा मिळायला मात्र 23 जून 2022 उजाडला, तोही युक्रेनमध्ये रणगाडे घुसल्यावर.

बाकीच्या अडचणी खऱ्याच आहेत. प्रत्येक सदस्य देशाचा होकार लागतो. मोल्दोव्हातून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियाच्या पट्ट्यात रशियन सैनिक बसलेत. 2014 मध्ये तीन बँकांतून सुमारे एक अब्ज डॉलर गायब झाले, तेव्हा न्यायालयं सुधारा हा संघाचा आग्रह मला रास्त वाटतो.

आणि घरातही एकमत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात संघात जाण्याच्या प्रश्नावर सार्वमत झालं. देशातल्या मतपेट्यांत ‘नको’ पुढे होतं. परदेशात कामाला गेलेल्यांच्या मतांनी पारडं फिरलं आणि युरोपची बाजू पन्नास टक्क्यांच्या जेमतेम वर गेली. त्यातल्या कितीतरी जणांकडे रुमानियाचा पासपोर्ट आहे, आणि रुमानिया संघाचा सदस्य, म्हणजे ते स्वतः केव्हाच आत पोचलेत. तरी ते मतदानाला रांगेत उभे राहिले, ते गावी राहिलेल्या आईबापांसाठी, असं मी मानते.